पुस्तकात नसलेली बारव

कचेरीत बसणाऱ्या माणसाला एक रोग हमखास जडतो. समोर हत्ती उभा असला तरी तो आधी कागद चाळतो, आणि कागदात हत्ती सापडला नाही की 'हत्ती नाही' असं लिहून मोकळा होतो. नंदुरबारला रस्त्यांच्या कामाची एक कचेरी होती. तिथल्या हिंमतराव कारकुनाला हा रोग अंमळ जास्तच जडला होता.

माणूस मुळात वाईट नव्हता. तापीकाठच्या पिंपळटेक गावचा, खाऊनपिऊन सुखी शेतकरी घरातला. गावातून फायनल पास झालेला पहिलाच. नंदुरबारच्या वाचनालयाचा चिटणीस तोच होता, आणि १९३६ साली कमिटीच्या मागे लागून त्यानं मुंबईहून एक जाडजूड ग्रंथ मागवला होता. साऱ्या देशातली देवळं, मशिदी, किल्ले, घाट, विहिरी, सगळ्यांचा इतिहास त्यात होता, नकाशे आणि चित्रांसकट. हिंमतराव हात धुतल्याशिवाय त्या ग्रंथाला शिवत नसे. इतरांना तर तो कुलपाबाहेर दिसतही नसे!

"आपला देश काय होता, ते बघायचं असेल तर ह्यात बघा!" असं तो छाती फुगवून सांगे. छाती फुगवण्याजोगं पुस्तक होतंच ते. चूक पुस्तकाची नव्हती.

चैत्रात एके दिवशी ओव्हरशियरसाहेब त्याच्या मेजापाशी आले. पिंपळटेकच्या नाल्यावर पूल बांधायचा होता, पावसाळा तोंडावर आला होता आणि घडीव दगड जवळपास मिळत नव्हता. गावाच्या वेशीवरची जुनी बारव मात्र आयती उभी होती. तीन मजले खाली उतरणाऱ्या पायऱ्या, प्रत्येक टप्प्यावर कोरीव खांब, आणि तळाशी बारमाही पाणी.

"जुनं बांधकाम पाडायचं तर त्याचं काही महत्त्व आहे का, असं वरून विचारतात," साहेब म्हणाले. "तुमच्याकडे तो ग्रंथ आहे ना? तेवढं बघून दोन ओळी लिहून द्या."

हिंमतरावानं ग्रंथाची सूची चाळली. पिंपळटेक नाही. खानदेशचं पान काढलं. तिथं लिहिलं होतं, 'तापीच्या या पट्ट्यात दखल घेण्याजोगं बांधकाम आढळत नाही.' झालं! ज्या बारवेत तो पोहायला शिकला, जिच्या खांबांमागे लपंडाव खेळला, तिच्याबद्दल त्यानं लिहिलं, 'सदर बारव ग्रंथात नमूद नाही. सबब ऐतिहासिक महत्त्व नाही.' आणि खाली झोकदार सही ठोकली. आपण ती बारव स्वतः पाहिली आहे, हे त्याच्या मनातही आलं नाही.

पुढं आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया आली. खानदेशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराई बसवतात. पुरुष ओट्याओट्यांवर पत्ते कुटत बसतात. पिंपळटेकमध्ये गौराईसाठी पाणी लागायचं ते बारवेचंच, दुसऱ्या विहिरीचं चालायचं नाही. हिंमतरावही दोन दिवसांची रजा काढून घरी आला होता. पुलाच्या मक्तेदारानं नेमका हाच दिवस साधला. पुरुष पत्त्यांत गुंग, बाया झोक्यांवर, विचारतो कोण? सकाळीच पहारी, घण आणि सुरुंगाची दारू घेऊन त्याची माणसं वेशीवर हजर झाली.

हिंमतराव ओट्यावर पत्ते पिसत होता. तोच दगूबाई फुई समोर येऊन उभी राहिली. दगूबाई त्याच्या बापाची थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आली आणि याच घरात म्हातारी झाली. हिंमतरावाला तिनंच अंगाखांद्यावर वाढवलं होतं.

"हिंमत, बारव तोडाले मानसं उनात. कागदवर तुन्ही सही शे म्हनतस. खरं का?"

घरात हिंमतराव अहिराणीच बोलायचा, पण अडचणीत सापडला की कचेरीतली मराठी त्याच्या तोंडी यायची. "फुई, सगळं नियमानं झालंय. ग्रंथात त्या बारवेची नोंद नाही."

"कोनता ग्रंथ?"

"देशातल्या साऱ्या जुन्या इमारतींचा. मोठ्या विद्वानानं लिहिलाय."

"तो इद्वान आठे उना व्हता का?"

हिंमतरावाच्या हातातले पत्ते थांबले. ग्रंथाची प्रस्तावना त्यानं दोनदा वाचली होती. लेखकानं आपला प्रवास तारीखवार दिला होता. सुरतेहून आगगाडीत बसला तो दुसऱ्या दिवशी सकाळी थेट जळगावला उतरला. मधला सारा मुलूख झोपेत गेला!

"नही फुई," तो हळूच म्हणाला. आता त्याची कचेरीतली मराठी पळून गेली होती. "आगगाडीमा बशीसन गया. रातले."

"रातले आगगाडीमातून काय दिखस रे भाऊ? त्याले दिखनं नही, त्यानं लिखं नही. तो खोटा नही. पन तू? तू त ह्याच बारवमा पवाले शिकना! तू त्यानं पुस्तक दखं, पन तुन्हा सोताना डोया कोठे गहान टाकात?"

हिंमतरावाला कुणी भर चावडीत थोबाडीत दिली असती तरी एवढं लागलं नसतं. तो पत्ते टाकून उठला आणि वेशीकडे धावला.

बारवेवर वेगळाच प्रकार चालला होता. गावच्या लेकी गौराईचं पाणी भरायला खाली उतरल्या होत्या, त्या वर यायलाच तयार नव्हत्या. चाळीस-पन्नास जणी पायरीपायरीवर ठाण मांडून बसल्या होत्या. पुढं होती धनुबाई, शहाद्याकडे दिलेली, कडेवर तान्हं मूल.

"बायांनो, वर या! सुरुंग लावायचाय!" मक्तेदार ओरडला.

आता आखाजीची एक रीत आहे. गौराई बोळवताना ह्या काठच्या पोरी त्या काठच्या गावाला मनसोक्त शिव्या देतात आणि त्या दिवशीच्या शिवीचा कुणी राग धरायचा नसतो. वर्षभर सासरी तोंड दाबून राहिलेल्या लेकी त्या दिवशी सगळं मोकळं करतात. त्या वर्षी पलीकडच्या गावाच्या वाट्याला एकही शिवी आली नाही. सगळा साठा मक्तेदारावर रिकामा झाला!

"आरे टोपीवाला, तुन्ही मायनी तुले तान्हपने पानी कोनता पूलवरथीन पाजं रे?" धनुबाईनं सुरुवात केली आणि बाकीच्यांनी ठेका धरला. "तुन्हा पूल पयला पानीमा जाई रे, पयला पानीमा जाई!"

मजूर हसू लागले. त्यांनी पहारी खाली ठेवल्या. मक्तेदाराचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

एवढ्यात घोड्यावरून ओव्हरशियरसाहेब आले. माणूस हुशार होता. त्यांनी बायांशी हुज्जत घातली नाही. गावातून येताना जे दिसलं होतं, तेच मोठ्यानं सांगितलं.

"वाडवडलांची बारव म्हणता? मग हिचे कठडे कुठं गेले? वरची छत्री कुठं गेली? मी सांगतो! तुमच्या न्हाण्यांत, गोठ्यांत, उंबऱ्यांत गेली! तुम्ही दगड नेले तर चालतं, आणि सरकारनं पुलासाठी नेले तर पाप?"

गाणं बंद पडलं. कारण ते खरं होतं! गावात असं घर नव्हतं, जिथं बारवेचा एखादा दगड नव्हता. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. धनुबाईनंही मान खाली घातली.

तेव्हा दगूबाई काठी टेकत चार पायऱ्या उतरली आणि मागे वळून उभी राहिली.

"साहेब खरं बोलना. मन्हा घर धुनाना दगड शे, त्यावर कमयनं फूल शे. मन्हा बापनी आठलाच दगड उचली आना. ती चोरीच शे. पन घरमा एक डाव चोरी व्हयनी, म्हनीसन आते दरवाजाच उघडा टाकी देवो का?" मग ती लेकींना म्हणाली, "निम्म्या बसा, निम्म्या घर जा. ज्यान्या त्यान्या घरना दगड आठे आना! उचलाले मानसं नही उठनात, त पत्ता चुल्हामा टाका!"

आणि काय सांगावं! घटकाभरात गाव हललं. ओट्यांवरचे डाव मोडले. कुणी गव्हाणीतला खांबाचा तुकडा उपसला, कुणी उंबरा उखडला. हिंमतरावानं आपल्या न्हाणीतला दगड पहारीनं सैल केला. त्यावर पाणी ओतून पाहिलं, तर वर्षानुवर्षं साबण आणि काठीचा मार खाऊनही कमळाच्या सहा पाकळ्या शाबूत होत्या. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चुलतभाऊ भटूच्या मदतीनं तो दगड त्यानं गाडीत चढवला. उन्हं कलायच्या आत बारवेच्या तोंडाशी दगडांचा ढीग लागला.

हिंमतराव साहेबांपुढं जाऊन उभा राहिला. "साहेब, माझा तो कागद परत द्या."

"सरकारी कागद परत मिळत नसतो."

"मग दुसरा घ्या!"

तो तिथंच पायरीवर बसला आणि त्यानं लिहिलं, 'मी ग्रंथ पाहून अभिप्राय दिला होता, बारव पाहून नव्हे. आज बारव पाहिली. पहिला अभिप्राय चुकीचा असून त्याचा दोष माझा आहे. ही बारव पाडू नये.' खाली सही केली. ह्या वेळी सही साधीच होती.

"नोकरीवर गदा येईल, हिंमतराव!"

"येऊ द्या! पोटासाठी वावर आहे. पण ही पाडली, तर दुसरी कोण बांधून देणार? तुम्ही?"

एका माणसाचे दोन उलटसुलट कागद आणि पायऱ्यांवर बसलेल्या पन्नास लेकी! साहेबांनी घोडा वळवला. लेकी तीन दिवस आळीपाळीनं तिथंच बसल्या. मक्तेदाराची माणसं चौथ्या दिवशी सामान घेऊन निघून गेली. महिन्याभरानं वरून हुकूम आला, की पुलाला दगड डोंगराकडच्या खाणीतून आणावा. दुसरा हुकूम हिंमतरावाच्या नावे होता. त्याची बदली तोरणमाळच्या घाटवाटेच्या कामावर झाली. शिक्षाच ती!

जायच्या आधी त्यानं एक काम केलं. भटूला दोरीचं टोक धरायला लावून बारवेची मापं घेतली, पायऱ्या मोजल्या, खांबांची चित्रं काढली. मग दगूबाईला विचारलं, "फुई, कोन्ही बांधी ही?"

"माले काय माहीत? लिही, कोन्ही बांधी ते माहीत नही. कोन्ही राखी ते माहीत शे. आनि सगळ्या लेकीस्ना नाव लिही."

त्यानं धनुबाईपासून सगळ्यांची नावं लिहिली आणि ते पान नेऊन ग्रंथात खानदेशच्या पानाशेजारी खळीनं चिकटवलं. वाचनालयाचे अध्यक्ष संतापले. छापील ग्रंथात हातानं लिहिलेलं पान! ग्रंथ विद्रूप केला!

"अर्धा होता, तो थोडा पुरा केला," हिंमतराव म्हणाला. "तुम्हाला चूक वाटत असेल तर पिंपळटेकला चला, पायऱ्या मोजा, आणि मग फाडा!" त्यानं कपाटाची किल्ली मेजावर ठेवली. "आणि हो, उद्यापासून हा ग्रंथ कुलपात राहणार नाही. ज्याला वाचायचा त्यानं वाचावा, आणि ज्याच्या गावाचं राहिलं असेल त्यानं लिहावं."

वाचकहो, ग्रंथ वाचा, जरूर वाचा, ते मागवायला कमिट्यांच्या मागे लागा! पण देशाचा वारसा ग्रंथात मावेल एवढा लहान नाही. तो तुमच्या वेशीवर उभा आहे आणि त्याला राखणारे तुम्हीच आहात. कुणी 'नोंद नाही' म्हणत पहार घेऊन आला, तर पायरीवर बसा, उठू नका! फक्त बसायच्या आधी आपल्या न्हाणीत एकदा डोकावून या.