पेरायचा जोंधळा

दुष्काळ सरून साताऱ्याकडच्या माणात एकदाचा पाऊस पडला आणि हरणाबाईच्या लेकीच्या, बनाच्या, रानाला पेरणीजोग्या ओलीचा वापसा आला. वापसा काय मुक्कामाला येत नसतो! चार दिवसांत बी भुईत पडलं तर पडलं, नाहीतर वर्षाच्या भाकरीवर पाणी फिरलंच समजा. बनाच्या घरात मूठभर बी उरलं नव्हतं. दुष्काळात तेसुद्धा दळून खाल्लेलं. म्हणून हरणाबाईनं कवठे महांकाळच्या आपल्या घरचा निवडक जोंधळा पिशवीत भरला, कणसाला काणीचा रोग लागू नये म्हणून त्याला गंधक चोळला आणि एसटी धरली.

सांगली जिल्ह्याची हद्द संपते तिथल्या नाक्यावर गाडी थांबली. पुरवठ्याचा इन्स्पेक्टर वर चढला आणि नेमका तिच्याच पिशवीला हात घातला.

"धान्य जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी आहे, ठाऊक नाही?"

"खायचा न्हाई वं सायेब, पेरायचा हाय. लेकीच्या रानात."

"हे मला कसं कळणार?"

"वास घ्या की! गंधक चोळलाय. ह्येची भाकरी कोण खाईल?"

झालं! बाई बोलून बसली आणि फसली. साहेबांनी पिशवीत नाक घातलं, दोनदा शिंकले आणि खूश झाले. "म्हणजे भेसळ. हा दुसरा गुन्हा."

"आवं, खायाचंच न्हाई तर भेसळ कशी?"

"मग बियाणं म्हणता? बियाण्याचा परवाना दाखवा."

"परवाना इकनाऱ्याला. लेकीला काय इकत देतेय व्हय मी?"

खायचं म्हटलं तर बंदी, गंधक म्हटलं तर भेसळ, बी म्हटलं तर परवाना. एका जोंधळ्याला तीन कायदे! दुष्काळात ह्यातला एक तरी कायदा जोंधळा घेऊन दारात आला होता का? हरणाबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पिशवी साहेबाच्या डोक्यावर उपडी करावी असं तिला वाटलं. पण तिकडं वापसा सुकत होता. तिनं राग गिळला आणि हात जोडले.

गाडीला उशीर होतोय म्हणून कंडक्टर मध्ये पडला. "सोडा की सायेब. लेकीच्या ओटीचं हाय म्हणा. ओटीला कुठं कायदा हाय?"

माणसं हसली. साहेबही सैलावले. "ओटीचं असेल तर न्या, बाई. धर्माच्या कामाला मी आडवा येत नाही." पिशवी परत येऊ लागली. हरणाबाईनं घ्यायला हातसुद्धा पुढं केला.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक सवाष्ण अगदी सहज म्हणाली, "पर ह्या कशा ओटी भरनार? ह्येंचं कपाळ तर…"

पुढचं बोलायची गरजच नव्हती. साहेबांनी हरणाबाईच्या कपाळाकडं पाहिलं आणि पिशवी मागं ओढली. "मला फसवता काय?"

हरणाबाईनं पुढं केलेला हात मागं घेतला. नवरा गेल्यापासून तिनं स्वतःच्या लेकीची ओटी कधी भरलीच नव्हती. बनाच्या लग्नातसुद्धा जावेला पुढं करून ती मागं चुलीपाशी बसून राहिली होती. आता कुठल्या तोंडानं भरते म्हणायचं? तिनं पदर पुढं ओढला आणि रिकाम्या हातानं जागेवर बसली. राग मात्र साऱ्या वाटेनं येत राहिला. साहेबाचा, त्या बाईचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःचाच.

दुपारी ती रानावर पोचली तेव्हा गावचा पेरणीवाला केरबा बैल जुंपून, पाभर धरून उभाच होता. सगळ्या वस्तीला त्याची एकच पाभर. आज बनाची पाळी होती.

"आई, बी कुठाय?"

"धरलं नाक्यावर."

"कुणी?"

हरणाबाईनं तोंड उघडलं, पण कुणाचं नाव घ्यावं ते तिला सांगता येईना. केरबानं जरा वाट बघितली, मग बैल वळवले आणि तो पलीकडच्या रानाकडं निघाला.