खोट काढायची पायरी

शीतगृहांतल्या कामगारांसाठी ऑनलाइन अभ्यासगटांची आखणी करायचं काम तिच्याकडे होतं. चौघांचा गट, समोर एक प्रसंग. आधी प्रत्येकानं आपलं मत लिहायचं, मग एकानं त्यात खोट काढायची, आणि त्यानंतरच सगळ्यांनी मिळून निर्णय द्यायचा. खोट काढल्याशिवाय पुढचं पान उघडतच नसे.

"लोक वैतागतात हो," साहेब म्हणाले. "अर्धे गट तिथेच अडकतात. काढून टाका ती पायरी."

"सर, तिच्यासाठीच तर बाकीच्या पायऱ्या आहेत."

"आपल्याला अभ्यासक्रम पुरा करून घ्यायचाय, भांडणं नाही लावायची."

तिनं काढली. गट भराभर पुढे सरकू लागले, साहेब खूश. तिला मात्र ते पटेना. म्हणून तिनं धाकट्या दिराचाच गट उघडला. दीर शीतगृहात कामाला, आणि घरी कशावरूनही हुज्जत घालणारा गडी.

प्रसंग शीतगृह थंड ठेवणाऱ्या विषारी अमोनिया वायूच्या गळतीचा. गटातल्याच फोरमननं ठासून लिहिलं होतं, 'लगेच आत जाऊन व्हॉल्व्ह बंद करायचा.' खाली तिघांचं एकच उत्तर : 'सहमत.' तिघांत दीरही.

"भावजी, मास्कचं नावच नाही तुमच्या उत्तरात," संध्याकाळी ती म्हणाली.

"फोरमन चुकेल होय, वहिनी? सगळ्यांचं जमलं की पान उलटतं. कशाला फाटे फोडायचे?"

"चुकलाय तो. मास्क नसेल तर बाहेर पळायचं."

"बरं बाई," तो हसला.

तिनं गटाला दुरुस्ती पाठवली. अभ्यासक्रम संपवून मोकळ्या झालेल्यांपैकी कुणी ती उघडलीच नाही. साहेब म्हणाले, "पुढच्या तुकडीला बघू."

त्याच आठवड्यात भरदुपारी दिराचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"वहिनी, अमोनियाचा पाइप फुटला. फोरमन मास्क न लावताच आत धावला, त्याच्यामागे दोघं. मी दारात थबकलो. तुमचं बोलणं आठवलं."

"अडवलं नाहीत त्यांना?"



"तोंडातून शब्दच फुटला नाही. सगळे निघाले होते ना."

दोघांना ओढून बाहेर काढलं. फोरमन गेला.

तिनं कुणाला न विचारता ती पायरी परत घातली आणि बैठकीत तसं सांगून टाकलं. साहेबांसकट सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानंही काही विचारलं नाही. त्या डोलणाऱ्या माना बघून तिला त्या गटातली तीन 'सहमत' आठवली.