नेलपॉलिशच्या चार रेघा

माझ्या पाण्याच्या बाटलीवर लाल नेलपॉलिशने ओढलेल्या चार रेघा आहेत. प्रार्थनेच्या आत पहिली रेघ, तिसऱ्या तासाला दुसरी, मधल्या सुट्टीत तिसरी, आणि चौथी गाठली की नळावर जाऊन परत भरायची. तहान नसली तरी. गणिताच्या तासाला सगळ्यांसमोर हात वर करून "मॅडम, बाथरूम" म्हणावं लागलं तरी. म्हणून शाळेत मला टाकी म्हणतात. "टाकी आली, बाजूला व्हा, भरून वाहील!" आधी मी रडायचे. आता सांगते, "टाकी भरलेली तरी आहे, तुझ्या डोक्यासारखी रिकामी नाही!"

मला सिकलसेल आहे. म्हणजे पाणी कमी पडलं की रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांत अडकतात, आणि मग हाडाच्या आतून कळ येते. सहावीत असताना आठ दिवस दवाखान्यात होते, ते आठवलं तरी दात शिवशिवतात. पण आता मी नववीत आहे आणि शाळेच्या कबड्डी टीममध्ये आहे. तीसुद्धा रेडर! डॉक्टर म्हणाले, खेळ, पण रोज गोळी, रोज पाणी, रोज वेळेवर झोप, आणि दुखेल तिथे बर्फ कधीच लावायचा नाही, थंडीने नसा आणखी आकसतात. तसं पत्र त्यांनी सरांना लिहून दिलं. आईने फॉर्मवर सही केली आणि पेन बंद करत म्हणाली, "जया, एकदा जरी कळ आली ना, तर खेळ बंद. मग रडून दाखवायचं नाही."

दोन महिने एकही कळ नाही. रेघा चुकल्या नाहीत, कळ आली नाही, इतकं सोपं.

शनिवारी तलासरीला मॅच होती. आमच्या कासा गावाहून जीप ठरवलेली. आम्ही नऊ मुली, पुढे श्यामकांत सर. मी चढायच्या आत नीलमने गोणी उघडून धरली. नीलम दहावीची, आमची कॅप्टन.

"बाटल्या इकडे. मॅच संपेपर्यंत पाणी बंद."

"का गं?" मी विचारलं.

"तू नवीन आहेस म्हणून विचारतेस. तिथल्या बाथरूमला कडी नाही. मागच्या वर्षी सोमी आत होती आणि पोरांनी दार ढकललं. आठवडाभर शाळेत आली नाही ती. कोणी प्यायचं नाही, मग कोणाला जायलाच नको."

सोमी खिडकीबाहेर बघत होती. बाकीच्यांनी मुकाट्याने बाटल्या टाकल्या. नीलमने माझ्याकडे बघितलं. "टाकीला जमेल ना? की टाकीसाठी वेगळा नियम?"

सगळ्या हसल्या. मला ना, तेव्हा फक्त त्यांच्यातली एक व्हायचं होतं. एक दिवस नाही प्यायलं तर काय होतंय, असं म्हणून मी बाटली गोणीत टाकली. गोणी टपावर गेली.

चारोटीला हायवेला लागलो तेव्हा पहिल्या रेघेची वेळ टळली होती. तलासरीत उतरलो तेव्हा दुसरीची. ऑक्टोबरचं ऊन, मैदानावर सावली नाही, आणि आमची मॅच तिसरी. आधीच्या दोन लांबल्या. ओठ सुकले. मी जीभ फिरवत बसले.

मॅच सुरू झाली आणि मी सगळं विसरले. पहिल्याच रेडमध्ये दोन पॉइंट! मग बोनस! सर ओरडत होते, "जयश्री, वा!" आम्ही अकरा, ते नऊ. मी चौथ्या रेडला वळले आणि डाव्या नडगीत काहीतरी टोचलं.

काटा असेल, मी मनात म्हटलं. खाली बघितलं. काटा नव्हता.

पुढच्या रेडला रेषेला पाय लावून परत आले, पॉइंट न घेता. नडगीच्या आत कोणी तरी हळूहळू स्क्रू पिळत होतं. ही कळ मी ओळखते. सुरुवातीला ती अशीच हळू बोलते. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा चौदा-तेरा होतं, आणि मी लंगडत बाहेर आले.

"काय झालं?" सर धावत आले.

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. खरं बोलले तर टीमला रेडर नाही. खरं बोलले तर सर आईला फोन करणार, आणि आई म्हणणार, बंद. दोन महिन्यांचं सगळं एका शब्दावर आलं होतं.

"मुरगळला सर. थोडासाच."

"बस खाली. सुकी, तो बर्फ आण लवकर!"

सुकी सरबतवाल्याकडून प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घेऊन आली. सर गुडघ्यावर बसले, माझा पाय मांडीवर घेतला. पिशवीतून पाणी ठिबकत होतं. मी इतकी तहानलेली होते की त्या थेंबांकडेच बघत राहिले. मग पिशवी खाली येताना दिसली, नडगीपासून वीतभर, चार बोटं.

"सर, नको!"

मी पाय इतक्या जोरात ओढला की पिशवी फुटून बर्फ मातीत सांडला.

"अगं, सूज येईल!"

"मुरगळला नाही सर. कळ आहे. सिकलसेलची. मी सकाळपासून पाणी प्यायले नाही." आणि मग थांबलेच नाही. "कोणीच प्यायलेलं नाही. बाथरूमला कडी नाही म्हणून. माझी बाटली गोणीत आहे, गोणी टपावर आहे."

सरांनी फुटलेली पिशवी बाजूला टाकली. मग त्यांनी आपले ओले हात शर्टाला पुसले. "डॉक्टरांचं पत्र माझ्या फाईलमध्ये आहे," ते हळूच म्हणाले. "आणि मी बर्फ घेऊन बसलो."

नीलमचा चेहरा पांढरा पडला होता. ती गर्रकन वळली. जीपकडे धावली. टपावर चढून तिने सगळी गोणी खाली ओतली आणि लाल रेघांची बाटली घेऊन आली.

"पी."

"तू रागावलीस?"

"आधी पी ना गं!"

सर म्हणाले, "डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी घे. अर्ध्या तासात कमी नाही झालं तर जीप थेट दवाखान्यात. मॅच गेली खड्ड्यात." ड्रायव्हर काकड्या मामांनी गाडी वळवून तयार ठेवली. चहाच्या टपरीवरून गरम पाण्याची बाटली आली, ती टॉवेलात गुंडाळून मी नडगीवर धरली. माझ्या जागी सोमी आत गेली.

पहिली रेघ. दुसरी. मैदानावर सतरा-सतरा. कळ तिथेच. तिसरी रेघ. मी डोळे मिटून मोजत होते, श्वास आणि पॉइंट दोन्ही. चौथ्या रेघेला स्क्रू पिळणारा हात थांबला. सुटला नाही, पण थांबला. सर घड्याळ बघत होते. "कसं आहे?" "कमी आहे, सर. खरंच. आता खोटं नाही."

आम्ही दोन पॉइंटनी हरलो. नीलम शेवटच्या रेडमध्ये पोटरीत गोळा येऊन पडली, पाण्याविना. ती बाहेर येऊन माझ्या बाजूला धपकन बसली, आणि मी दुसऱ्यांदा भरलेली बाटली तिला दिली. उरलेली अर्धी तिने घटाघटा संपवली.

सरांनी आईचा नंबर लावून फोन माझ्याच हातात दिला. आई चिकूच्या वाडीत कामावर होती, मागे बायकांचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं. गोणी, खोटं, बर्फ. सगळं.

आईने विचारलं, "आता किती पाणी झालं?"

"दीड बाटली."

"दुसरी संपव. तू सांगितलंस ना सरांना, तुझ्या तोंडाने?"

"हो."

"घरी ये. बघू."

माझ्या आईचं "नाही" मला पाठ आहे. हे ते नव्हतं.

आणि दीड बाटलीचं जे व्हायचं ते झालंच. मी नीलमकडे बघितलं. ती उठली, लंगडत. मीही लंगडत. मागून सोमी, मग सुकी, मग सगळ्याच. बाथरूमला खरंच कडी नव्हती. मी आत गेले. दाराच्या फटीतून नीलमची चार बोटं आत आली आणि तिने दार घट्ट ओढून धरलं.

"सावकाश कर," ती बाहेरून म्हणाली. "आम्ही आहोत. तुझ्यानंतर सोमीचा नंबर."