हवेच्या खताची परीक्षा

केदारखेड्यात अक्कल आणि वीज दोन्ही जाऊन-येऊन असतात, आणि त्यातली वीज निदान परत येते, असे तातेरावांचे स्पष्ट मत होते. तंत्रनिकेतनात उभी हयात शिकवून गावी परतलेल्या या गृहस्थाने १९९४ साली पवनचक्कीच्या विजेने काचेच्या नळीत ठिणग्या पाडल्या, तीतून हवा सोडली, निघालेला तांबूस वायू चुन्याच्या निवळीत जिरवला आणि पिकाला लागणारे नत्र चक्क हवेतून खाली उतरवले. ना धूर, ना कोळसा. वारा पडला की काम बंद. त्यामुळे अख्ख्या हिवाळ्यात खतपाणी जेमतेम बाटलीभर जमले होते. ते तपासायला आज जिल्ह्याहून शेतकी खात्याचे साहेब आले होते. नमुना कसोटीला उतरला तरच पंचायत यंत्राला जागा देणार होती. नाही तर आहे ती शेडही जाणार होती.

सरपंच भुजंगरावांनी आधी यंत्राची पूजा मांडली. तेवढ्यात तातेराव पवनचक्कीची तार पाहायला बाहेर गेले. परत येऊन पाहतात तो पुजाऱ्याची पळी बाटलीत, आणि गावाचे तळहात पुढे! साहेबांनीही घोट घेऊन ओला हात केसांवरून फिरवला.

"भुजंगराव, तो नमुना होता!"

"पूजेच्या ताटाजवळचं पाणी म्हंजे तीर्थच की, मास्तर. बिलकुल कडू लागलं, पण लोकांनी भक्तीनं घेतलं."

"काही उरलंय का?"

"तळातलं आमच्या घरच्या सोनूबाईनं तुळशीला घातलं."

"मंग तुळशीलाच इचारा, पास का नापास!" मागून कोणी तरी म्हणाले आणि सारी शेड हसली.

साहेबांनी पेन काढले. "तीर्थाला नापास कोण करणार? नमुना उतरला, असं लिहून टाकतो."

"घ्या मास्तर, जागा मंजूर! बराबर महादेवासमोर," भुजंगराव म्हणाले. "फकस्त दर सोमवारी तीर्थ निघालं पाह्यजे."

तातेरावांनी साहेबांच्या चिकट केसांकडे पाहिले. एवढ्या शिक्षणाचे हे फळ!

"साहेब, शेरा लिहू नका. वारा सुटला की दुसरी बाटली भरतो, ती मोजा."

"मंग शेड खाली करावी लागंल," भुजंगराव गुरकावले.

"करतो. न मोजलेल्या खतावर जागा घ्यायची, तर तुमच्या पुजाऱ्यात आणि माझ्यात फरक काय?"

त्यांनी नळीवरचा हार उतरवून पुजाऱ्याच्या गळ्यात घातला आणि यंत्राचे बोल्ट सोडवायला घेतले. पान्हा धरायला कोणी थांबले नाही. पलीकडे शिरा वाटणे सुरू झाले होते, आणि रांगेत साहेब पहिले होते.