न गुरगुरणारा भुऱ्या

शेजाऱ्यांची कुत्री वाह्यात आणि आपला तेवढा शिस्तीचा, असं मानणारे गृहस्थ प्रत्येक गल्लीत असतात. आपले साहेब त्यांतलेच एक. कचेरीत त्यांच्या हाताखाली सतरा माणसं होती आणि एकाचीही मान वर करून बोलायची टाप नव्हती. घरीही ते साहेबच. बायको आधी थट्टेने म्हणायची, मग सवयीने म्हणू लागली. त्यांचा सहा वर्षांचा कुत्रा भुऱ्या तर साहेबांची पावलं वाजली की कोपऱ्यात जाऊन बसे. "याला म्हणतात वळण!" साहेब पाहुण्यांना सांगत.

त्या भुऱ्याने रविवारी सकाळी साहेबांच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या, छोटीच्या गालाचा लचका तोडला. अकरा टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला.

सोमवारी साहेब जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले आणि भुऱ्याला कायमचं झोपवा म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "आधी वागणुकीच्या सल्लागार बाईंना दाखवा. त्यांनी हात टेकले तर मी सुई देतो." म्हणून मंगळवारी बाई घरी आल्या. वय पन्नाशीचं, मनगटावर जुन्या टाक्यांचा व्रण. खुर्ची पुढे केलेली असताना त्या सरळ जमिनीवर बसल्या, भुऱ्याकडे पाठ अर्धी वळवून. साहेबांना हे काही पटलं नाही.

"चावण्याआधी गुरगुरला का?" बाईंनी विचारलं.

"छे! हूं नाही की चूं नाही. कपटी जनावर आहे, एकदम चावला."

"पूर्वी गुरगुरायचा?"

"सहा महिन्यांपूर्वी लागला होता गुरगुरायला. पण मी मोडलं ते." साहेबांची छाती जरा फुगली. "गुरगुरला की तोंडावर चप्पल! पंधरा दिवसांत आवाज बंद."

बाईंनी भुऱ्याकडे तिरप्या नजरेने पाहिलं. कोपऱ्यातल्या भुऱ्याने मान एका बाजूला कलती धरली होती. तो सारखे ओठ चाटत होता, आणि साहेबांचा आवाज चढला की जांभई देत होता.

"झोप येतेय त्याला," साहेब म्हणाले.

"झोप नाही ती. भ्यालाय तो. ओठ चाटतो, तोंड फिरवतो, जांभया देतो, म्हणजे 'जरा लांब राहा' म्हणून विनवतोय. विनवून भागलं नाही की कुत्रा गुरगुरतो. ती त्याची शेवटची सूचना असते, साहेब. तीच तुम्ही बंद केलीत. त्याचा त्रास होता तिथेच राहिला, फक्त सांगायची सोय गेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच!"

"वा! म्हणजे चावला तो, आणि आरोपी मी?"

"मीही पहिली दहा वर्षं लोकांना हेच शिकवलं. गुरगुरला की हाणा." बाईंनी मनगट पुढे केलं. "हा माझ्याच कुत्रीचा चावा. तिला सुई मीच द्यायला लावली. वर तिलाच नावं ठेवली... तुमचा हा मान अशी का धरतो?"

"सवय आहे त्याची."

"त्याचा कान दुखतो," दारातून आवाज आला. गालाला पट्टी लावलेली छोटी उभी होती.

"आत जा. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, किती वेळा सांगितलं?"

छोटी मुकाट्याने वळली. बाई म्हणाल्या, "थांब बाळा. कधीपासून दुखतो?"

छोटीने आधी वडिलांकडे चोरून पाहिलं. भुऱ्याही तसाच बघत होता. मग ती हळूच म्हणाली, "गुरगुरायला लागला तेव्हापासूनच. कानाला हात लागला की गुरगुरायचा. मी बाबांना सांगितलं होतं. बाबा म्हणाले, तुला कुणी विचारलं? मग मी नाही बोलले परत. रविवारी मी त्याचा कानच बघत होते."

सहा महिन्यांपूर्वीचा तो दिवस साहेबांना लख्ख आठवला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी भुऱ्याला गुंगी देऊन कान आतपर्यंत तपासला. आत गाठ होती. तपासणीचा निकाल आठवड्याने आला: गाठ हाडात उतरली होती. "सहा महिन्यांपूर्वी कापून काढता आली असती," डॉक्टर म्हणाले. "आता वेदनेतून सोडवणंच हातात आहे."

त्या आठवड्यात बाईंनी एकच नियम घालून दिला होता. भुऱ्याने तोंड फिरवलं की माणसाने मागे सरायचं आणि आवाज चढवायचा नाही. छोटीला त्याच्या खोलीत मनाई होती. त्याला जेवण आणि गोळी साहेब स्वतः नेऊन देत, आणि तो जितक्यांदा तोंड फिरवी तितक्यांदा मागे सरत.

नवव्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत साहेबांनी भुऱ्याच्या डोक्यावरून शेवटचा फिरवायला म्हणून हात पुढे केला. कानाजवळ हात गेला आणि भुऱ्या गुरगुरला! अगदी खोल, दबका आवाज. सहा महिन्यांत पहिल्यांदा! डॉक्टर थबकले. साहेबांनी हात मागे घेतला.

"बरं बाबा," ते म्हणाले, "नाही लावत." त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तळवा टेबलावर उताणा ठेवला आणि वाट पाहिली. थोड्या वेळाने भुऱ्याने आपणहून त्यावर हनुवटी टेकली. मग डॉक्टरांनी सुई दिली.

साहेब रिकामा पट्टा घेऊन घरी आले. दारात छोटी होती.

"मला तुमचा खूप राग आलाय," ती म्हणाली आणि दोन पावलं मागे सरली. स्वयंपाकघरात बायकोच्या हातातलं भांडं तसंच थांबलं.

"मोठ्यांशी असं..." साहेबांच्या ओठांपर्यंत आलं होतं. ते खाली जमिनीवर बसले. "सांग," ते म्हणाले. "सगळं सांग." छोटी अंधार पडेपर्यंत बोलत राहिली. त्यातलं पुष्कळसं ऐकवत नव्हतं, पण त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कचेरीत विचारलं, "कुणाची काही तक्रार आहे?" सतराजण गप्प बसले. इतक्या वर्षांची सवय एका प्रश्नाने थोडीच जाते?

मंडळी, आपल्या घरात कुणी उलट बोलत नाही, कचेरीत कुणी कुरकुरत नाही, याचा आपल्याला केवढा अभिमान असतो! ती शांतता समाधानाची आहे की चपलेची, हे एकदा नीट बघा. जो गुरगुरतो, त्याला अजून चावायचं नसतं. कान कुठे दुखतोय, हे त्याला विचारा. भुऱ्याचं ऐकायला साहेबांना सहा महिने उशीर झाला, आणि छोटीच्या गालावरचा व्रण आता जन्मभराचा आहे.