मोटार चालू, पाट कोरडा

"थांबली!" खंडेराव ओरडले, आणि पंचवटीतल्या भक्तनिवासाच्या हॉलमधल्या तीन-चारशे माणसांनी एकदम श्वास रोखला.

थांबली होती स्थिरानंद महाराजांची नाडी. महाराज चौरंगावर डोळे मिटून बसले होते. अंगात ढगळ भगवी कफनी, डावं मनगट खंडेरावांच्या बोटांत. खंडेराव एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. त्यामुळे त्या हॉलमध्ये त्यांचा शब्द म्हणजे सायन्सचा शब्द.

"तीस वर्षं मीटर वाचलेत मी," ते माइकवर म्हणाले. "काटा शून्यावर म्हणजे शून्य. महाराजांचं हृदय या क्षणी बंद आहे!"

एक बाई रडू लागल्या. कुणीतरी जयजयकार केला. मिनिटभराने महाराजांनी डोळे उघडले आणि कोपऱ्यावरून दूध घेऊन आल्यासारखे म्हणाले, "आलो परत."

मग प्रवचन. "दुखणाऱ्याच्या काळजाचा भार मी माझ्या काळजावर घेतो. तेवढा वेळ माझं थांबतं, त्याचं सुरळीत होतं. डॉक्टर मशीन लावतो, मी स्वतःला लावतो. मशीनला वॉरंटी एक वर्षाची, आपली सात जन्मांची!"

लोक खूश होऊन हसले. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला अजिबात हसू येत नव्हतं. माझ्या शेजारी सुलाआत्या बसली होती. तिच्या मांडीवरच्या प्लास्टिकच्या पिशवीत हृदयाच्या गोळ्यांची तीन पाकिटं होती आणि थोड्या वेळात ती पाकिटं गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, जाणार होती.

ही गोष्ट २००१ सालची. मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते आणि नाशकातच एका हृदयाच्या डॉक्टरांकडे टू-डी एकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, खोलीत मदतनीस म्हणून लागले होते. आत्या मखमलाबादची. मळ्यात झेंडू, शेवंती, थोडा भाजीपाला. आदल्या वर्षी तिला स्तनाचा कर्करोग झाला. ऑपरेशन झालं, मग लाल रंगाच्या औषधाचे चार डोस झाले. केस गेले तेव्हा "डोक्याचा दुधी भोपळा झाला" म्हणून तिनेच सगळ्यांना हसवलं. पण नंतर विहिरीपासून घरापर्यंत येताना तिला धाप लागू लागली, पावलं सुजू लागली. हे मात्र तिने कुणालाच सांगितलं नाही.

"येवढा जीव वाचवत्यात, वर त्यांच्याच औषधाची तक्रार करू?" हे तिचं म्हणणं.

ते लाल औषध काही जणांच्या हृदयाचे स्नायू कमकुवत करतं, म्हणून अधूनमधून एको करतात. त्यात ते सापडलं आणि आमच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. आणि तिथे मी माझी हुशारी दाखवली. "आत्या, तुझं पंपिंग साठ टक्क्यांवरून बेचाळीसवर आलंय," असा अगदी अचूक आकडा मी तिला सांगितला. हे सांगायचं राहिलं की शंभर टक्के कुणाचंच नसतं. निरोगी हृदयही दर ठोक्याला आत भरलेल्या रक्तातलं साधारण पंचावन्न ते सत्तर टक्केच बाहेर टाकतं. आत्याने आपली वजाबाकी केली: अठ्ठावन्न टक्के काळीज संपलं. त्यात कर्करोगाच्या डॉक्टरांनी लाल औषध थांबवलं. हृदयाला सावरायला वेळ द्यावा म्हणून थांबवलं होतं, पण आत्याला वाटलं, दोन्ही डॉक्टरांनी हात टेकले.

मग भाजी मार्केटात तिच्या शेजारी बसणाऱ्या कमळाबाईंनी तिला महाराजांकडे नेलं. महाराजांनी विचारलं, "माई, झोपताना किती उशा घेतेस? चढताना थांबावं लागतं?" हे तिला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा. त्यानंतर त्यांनी तिच्यासमोर आपलं हृदय 'थांबवलं', आणि आठवड्याभरात तिच्या पायांची सूज उतरली. डॉक्टरांच्या गोळ्या अंगातलं जास्तीचं पाणी बाहेर काढत होत्या, आत्या दिवसभर मोरीकडे पळत होती, आणि श्रेय मिळालं महाराजांना. पुढचा हुकूम आला: गुरुवारी गोळ्या घेऊन ये, गंगेला अर्पण कर, राहिलेले उपचारही सोड.

त्या गुरुवारी हॉलकडे येताना रिक्षात मी तिला हे सगळं समजावलं होतं.

"तू शिकल्याली हायेस भाग्या," ती म्हणाली. "पन त्यानं हृदय बंद केलं गं. तुझ्या डॉक्टरला येतं का?"

"डॉक्टरचं काम चालू ठेवायचं आहे, आत्या!"

"त्येच की. ज्याला बंद करता येतं, त्याला चालूबी करता येतं."

तेवढ्यात रिक्षा भक्तनिवासाच्या दाराशी थांबली होती.

"मखमलाबादच्या सुलाबाई माई!" प्रवचन संपलं आणि माइकवर पुकारा झाला. आत्या पिशवी घेऊन पुढे गेली. मीही मागोमाग घुसले.

"मला महाराजांच्या मानेजवळची नाडी बघायचीय," मी खंडेरावांना म्हटलं.

"गळ्याला हात लावायचा नाही, ताई. समाधीला धक्का लागतो."

"मग उजवं मनगट?"

"उजवा हात आशीर्वादाचा आहे."

आत्याने वळून माझ्याकडे पाहिलं, मग त्या उजव्या हाताकडे. महाराजांनी डावं मनगट पुढे केलं. "बघ माई, तूच बघ." त्यांचे डोळे मिटले. झेंडू खुडून राठ झालेली आत्याची बोटं मनगटावर टेकली. खंडेरावांनी माइक तिच्या तोंडाशी धरला.

"थांबली?"

"थांबली," आत्या म्हणाली.

जयजयकार झाला. पण आत्याने मनगट सोडलं नाही. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते माझ्या ओळखीचं होतं. मळ्यात शेवटच्या सरीला पाणी पोचलं नाही की ती अशीच उभी राहते, विहिरीवरच्या पंपाच्या मोटारीकडे कान लावून.

"थांबा वाईच." माइक चालूच होता. आत्याने दुसऱ्या हाताने महाराजांचा आशीर्वादाचा हात हवेतच पकडला. "हिकडं तर चालू हाय की!"

"काय चालू आहे?" खंडेराव म्हणाले.

"नाडी. वो भाऊ, तुमचं ते मीटर ऱ्हाऊ द्या. हिकडची सरी भिजतीय, म्हंजी मोटार बंद नाय. मोटार चालू आन् येकच पाट कोरडा, तर मधी कुनीतरी माती टाकून पाट बांधलाय. दुसरं काय आसनार?"

आणि कोरड्या पाटाच्या कडेने चालत जावं तशी तिची बोटं वर निघाली. कोपर. "हितंबी कोरडं." दंड. "हितंबी." महाराजांचे डोळे किलकिले झाले. मग तिने दोन बोटं सरळ त्यांच्या काखेत घातली.

ब्रह्मज्ञान कितीही मोठं असो, काखेत बोट गेलं की गुदगुल्या होतातच. महाराज "खी:" करून हसले, हात उचलला गेला आणि कफनीतून लिंबाएवढा एक घट्ट लाल कांदा टपकन पडून खंडेरावांच्या पायापाशी गेला.

"आलं पानी," डावं मनगट न सोडता आत्याने जाहीर केलं.

"अगं बाई!" बायकांतून कमळाबाई ओरडल्या. "महाराज तर कांदा-लसूण खात न्हाईत!"

"खात नाय, बाळगतोय," आत्या म्हणाली.

"हा... हा प्रसाद आहे," महाराज म्हणाले.

"परसाद काखंत ठेवत्यात व्हय?"

हॉल हसण्याने फुटला. खंडेराव हसले नाहीत. त्यांनी कांदा उचलला, सदऱ्यातून आपल्या डाव्या काखेत ठेवला, दंड घट्ट आवळला आणि उजव्या हाताने स्वतःची नाडी पाहिली. बराच वेळ पाहिली. मग माइकवर, अगदी बारीक आवाजात म्हणाले, "थांबली."

एवढाच तो चमत्कार. हाताला रक्त नेणारी वाहिनी काखेतून जाते. तिथे कठीण वस्तू दाबली की त्या एका हाताची नाडी लागत नाही. हृदय आपलं काम करतच असतं. खंडेरावांचं शून्य खरं होतं, पण ते मनगटाचं होतं, हृदयाचं नव्हे. एवढं मी माइकवर सांगेपर्यंत महाराज स्वयंपाकघराच्या दाराने गेलेही होते.

मी जिंकल्याच्या थाटात आत्याकडे वळले. ती पिशवी छातीशी धरून उभी होती.

"त्याचं खोटं निघालं," ती म्हणाली. "पन माझी सूज उतारली, ती तुझ्या गोळ्यांनीच कशावरून? तुझा पुरावा दाव."

प्रश्न रास्त होता. "गोळ्या शेवटच्या कधी घेतल्यास?"

"परवापास्नं बंद. त्यानंच सांगितलं व्हतं, अर्पन करायच्या आधी सोड म्हनून."

मी तिथेच खाली बसले आणि तिच्या घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला. काढला, तर मऊ कणकेत उमटावा तसा खळगा राहिला. आत्या वाकून बघत राहिली. खळगा भरेना.

"पाणी परत साठलंय. महाराज परवाही होते, आजही होते," मी म्हटलं. "दोन दिवस नव्हत्या त्या फक्त गोळ्या."

पिशवीला गाठ मारून ती बाहेर पडली, गर्दीतून तिने स्वतःच रिक्षा थांबवली, आणि आम्ही थेट आमच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे प्रथमच तिने सगळं सांगितलं: तीन उशा, धाप, पाय, बंद केलेल्या गोळ्या. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि लिहून घेतलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, मीठ कमी, पापड-लोणचं बंद. आणि रोज सकाळी वजन करायचं. दोन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय, लगेच यायचं.

आत्या तेव्हापासून रोज मार्केटात कोबीच्या गोण्यांच्या काट्यावर उभी राहते. "सुलाबाई, काय भाव?" असं कुणी विचारलं की म्हणते, "इकायची नाय, नुसती मोजायची."

तीन महिन्यांनी एको झाला. पंपिंग एक्कावन्न. कर्करोगाचे राहिलेले उपचार दुसऱ्या औषधाने पुढे सुरू झाले. या खेपेला मी आधी सांगितलं, "आत्या, शंभर कुणाचंच नसतं. माझंही साठ-पासष्टच असेल."

"मंग हे तवाच का न्हाई बोललीस?"

ते तेव्हा राहिलं, म्हणून हे लिहिते आहे. आम्ही शिकलेल्यांनी आकडा सांगितला की त्याचा अर्थही सांगावा, आणि तुम्ही तो समजेपर्यंत पुन्हा पुन्हा विचारावा. कुणी हृदय थांबवून दाखवलं, तर त्याचं दुसरं मनगटही बघावं. आणि उपचार चालू असताना धाप लागली, पाय सुजले, छातीत धडधडलं, तर ती तक्रार नव्हे. डॉक्टरला हवी असलेली ती माहिती आहे. ज्याने औषध दिलं त्यालाच ती सांगा, आणि त्याच दिवशी सांगा.