सातव्या क्रमांकाचा सुतार

नगरपालिकेत तिला सगळे खरेदीबाई म्हणत. खडूपासून कचरागाडीपर्यंत जे काही विकत घ्यायचं, त्याची निविदा तिच्या टेबलावरून जायची. सगळ्यात स्वस्त देणारा जिंकतो आणि गावाच्या पदरात काहीच पडत नाही, हे तिला वर्षानुवर्षं खटकत होतं. साहेबांच्या मागे हात धुऊन लागून तिने एक अट घालून घेतली होती: शंभरातले वीस गुण, ठेकेदार इथल्या लोकांसाठी काय करणार यावर. शाळांच्या बाकदुरुस्तीचं कंत्राट त्याच अटीवर गेलं. कामावर अपघात होऊन घरी बसलेल्या बारा सुतारांना मी कामाला घेईन, असं ठेकेदाराने लिहून दिलं होतं. ते वाचून तिचा ऊर भरून आला होता.

आठ महिन्यांनी एका मुख्याध्यापिकेचा फोन आला. "बाई, दुरुस्त केलेला बाक मुलीसकट खाली बसला. टाके पडले तिला. असले कसले सुतार पाठवता?"

खरेदीबाईने तडक फाइल काढली. कामगारांच्या यादीत ओळीने फोटो होते. तिचं बोट सातव्या फोटोवर आलं आणि तिथेच थिजलं. कपाळावरचा तो व्रण, एका बाजूला कललेली मान. तिचा सख्खा दीर! कारखान्यातल्या करवतीने डाव्या हाताची तीन बोटं नेल्यापासून तो दोन वर्षं तिच्याच घरात बसून होता. आणि कागदावर? आठ महिने बाक ठोकत होता.

यादीची झेरॉक्स घेऊन ती दुपारीच घरी गेली. दीर गॅलरीत मोडक्या स्टुलाला सरस लावत होता.

"भावोजी, हा फोटो कुणी काढला तुमचा?"

त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. "हा? एक माणूस आला होता मागे. अपघातवाल्यांना काम देणार आहेत म्हणाला. मी चांगला इस्त्रीचा शर्ट घातला. नंतर कुणी फिरकलंच नाही."

"मला का नाही सांगितलंत?"

"काम लागल्यावर सांगणार होतो. आधी डांगोरा पिटून मग तोंडघशी कोण पडणार?"

तिचं डोकं भणभणलं. "सोडत नाही मी त्याला! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा मेला!"

दिराने पान उलटलं, मागचं बराच वेळ वाचलं. मग हळूच विचारलं, "वहिनी, ही सही कुणाची?"

'बाराही कारागीर कामावर प्रत्यक्ष पाहिले.' खाली सही. तिची.

तिला तो दिवस आठवला. वर्षअखेरीची घाई, कागदांचा गठ्ठा, आणि "फक्त सह्या राहिल्यात, बाई" म्हणणारा ठेकेदाराचा माणूस. तिने एकही चेहरा पाहिला नव्हता. यादीत स्वतःच्याच घरचं आडनाव, तेही वाचलं नव्हतं!

"मी न बघता केली," ती कशीबशी म्हणाली.

"म्हणजे तुमच्या लेखी मी कामावर होतो." त्याच्या आवाजात राग नव्हता. तेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी ती उरलेल्या अकरा घरी स्वतः गेली. काम कुणालाच मिळालं नव्हतं; बाक ठेकेदाराने बाहेरच्या स्वस्त मजुरांकडून कसेबसे ठोकून घेतले होते. एका दारात सुताराची बायको उभी राहिली आणि म्हणाली, "ते जाऊन दीड वर्ष झालं."

साहेबांनी सगळं ऐकलं आणि दार लोटून घेतलं. "ठेकेदाराला धडा शिकवू. पण हे मागचं पान कशाला पुढे करता? सापडलं नाही म्हणू."

"सापडलंय, साहेब. यादीतल्या सातव्या नंबरच्या सुतारालाच सापडलं ते."

कंत्राट रद्द झालं. खरेदीबाईवर ठपका आला, बढती अडली आणि तिची बदली जन्म-मृत्यू नोंदणीला झाली. नवी निविदा शाळावार निघाली, म्हणजे चार-पाच कारागिरांनाही भरता येईल अशी. आणि पाहणी त्या-त्या शाळेने करायची असं ठरलं. दीर आणि यादीतल्याच चौघांनी मिळून तीन शाळांचं काम घेतलं.

पहिल्या दिवशी तो अंगभर भुसा घेऊन घरी आला. तिची विचारायची छाती होईना. तोच म्हणाला, "पाहणी झाली आज. मुख्याध्यापिका एकेका बाकावर स्वतः बसल्या. एक करकरला, तर खोलायला लावला परत."

तो हसला. तिला मात्र हसू फुटेना. सही करताना न पाहिलेल्या त्या चेहऱ्याकडे ती नुसती बघत राहिली.